दोर हलका आला

मी दोर वडत हुते, हातावर हात टाकून वडत हुते, आन् मधीच त्येचं वजनच गेलं. मागावर धागा तुटला की डोळ्यानं दिसायच्या आदी हाताला कळतंय, तसं कळलं. भिजलेला दोर सळसळत आला आन् माज्या पायाजवळ वेटोळं घालून पडला. त्येच्या शेवटाला काय न्हवतं.

पान्यात आमचे हे हुते. त्यांच्याच कमरेला तो दोर बांधलता.

माज्या काखेत पोरगं. आट म्हयन्याचं. कुंची घातलेलं, नाक वाहतंय, माज्या गळ्यातली डोरली तोंडात घालून चावतंय. वर चढावर आमची सगळी मानसं पाठ करून हुबी. माजी सासू, तिला मी आत्ती म्हनते. थोरली जाऊ, तिला आक्का म्हनते. आन् थोरले भावजी, ते ढोल बडवत हुते, डोळे मिटून. आत्ती नि आक्का वराडत हुत्या, उदं गं आई उदं. मी बोंबलले. "आवो भावजी! आक्का! दोर सुटला! आक्का गं!" एकानं मान वळवली न्हाय. ढोल चालूच. मला माजाच आवाज ऐकू येत न्हवता, तर त्यास्नी कुटनं येनार?

मानसं पाठ करून का हुबी हुती हे सांगितलं न्हाय तर तुमी म्हनाल ही कसली घरची मानसं.

आमच्या ह्यांचं गाव धरनात गेलं. मी बगितलं न्हाय ते गाव, मी तवा माहेरी उचगावात परकर घालून हिंडत हुते. घरं गेली, शेतं गेली, आन् शिवंवरची देवी पन गेली. देवी म्हंजे मूर्त न्हवं, कमरंएवढा काळा दगड, बाभळीच्या बुडात. पानी यायच्या आदी चार गडी लागून उचलायला बगितलं तर ती जाग्यावरनं हलली न्हाय म्हनं. नव्या वसाहतीत नवी देवी बसवली लोकांनी. पन आमची आत्ती म्हनती, "आमची ती तितंच हाय. पान्यात हाय म्हनून काय उघडी ठेवायची व्हय तिला?"

तर दर माघात देवीला नवं लुगडं. आमच्या घरात इनलेलंच पायजे. गावात आस्ताना घरचा हातमाग हुता, बेळगावला वडगावात आल्यावर दुसऱ्याच्या पावरलूमवर कामाला लागले सगळे, पन देवीच्या लुगड्यापुरता जुना माग आत्तीनं मागल्या सोप्यात ठेवलाय. गाव हुतं तवा घरची सवाष्न देवीला लुगडं नेसवायची, आन् बाकी सगळी पाठ करून हुबी राहायची. बाईमानूस कापड बदलतंय, बगायचं नसतंय. पान्यात गेल्यावर बायका कुटनं बुडी मारनार? मग घरचा पुरुष जातो, डोळे गच्च मिटून. आन् त्येची बायको काठावर दोर धरती, म्हंजे नेसवल्यागत तिनंच. तिनं लेकुरवाळं आसावं. पोरासकट बसावं. बाकी समदी पाठ करून, ढोल वाजवत. नेसवून झालं, गडी वर आला, की दोर धरनारीनं ताट वाजवायचं. पितळी ताट, पळीनं. तो आवाज ढोलात बी ऐकू येतोय. ताट वाजलं की ढोल थांबतो, समदी फिरत्यात.

ताट माज्या मांडीजवळच हुतं.

आदी सांगते आमी कसं गेलो ते. आदल्या दिवशी दुपारी बसनं गेलो. संगट पालाचं सामान, वासं, जुनी लुगडी, तवा, पिठाचा डबा, ढोल. कंडक्टर कानडी, ह्या वाटंवरचा जुनाच, तो ढोल बगून हसला, आत्तीला म्हनला, "एनम्मा, नीरोळगिन देवरिगे सीरे?" पान्यातल्या देवाला साडी व्हय म्हनून. आत्ती म्हनली, "व्हय रं बाबा. तू तिकीट फाड."

बस सोडून चालत काठाला गेलो. जुन्या लुगड्यांचं पाल ठोकलं, तीन दगडांची चूल केली. वारं आसलं की धूर समदा पालातच. भाकरी थापताना माजी बोटं वळत न्हवती थंडीनं. पोरगं मातुर खूश. आक्कानं त्येला पोटाशी धरून घोंगडं गुंडाळलेलं, त्येला चांदन्या दाखवत हुती. आक्काला मूल न्हाय. माजं पोरगं निम्मं तिच्याच अंगावर वाढलंय.

पान्याजवळ जाऊन हे आले नि म्हनले, "औंदा पानी लई हाय. बाभळीचा शेंडा वितभर दिसतोय. दोर पुरायचा न्हाय काठापासनं."

भावजी म्हनले, "मग गुडघाभर पान्यात जाऊन बसू दे की तिला."

"पोर घिऊन? ह्या गारठ्यात?" आत्ती फिस्कारली. "दावं हाय की पालाचं. जोड ते."

ह्यांनी दोर नि दावं माज्यापुढं टाकलं. "घे. तुज्या हातची गाठ पक्की. मागावर एक सुटलेली बगितली न्हाय मी."

मला बरं वाटलं. का न्हाय वाटनार? लगीन होऊन आल्यापासनं ह्या घरात माजं एकच कौतिक झालंय, माजी गाठ. मी आले तवा मला भाकरी नीट येत न्हवती, कानडी येत न्हवतं, शाळा पाचवीतनंच सुटलेली. पन तुटलेला धागा जोडायला मला कुनी शिकवायला लागलं न्हाय. एका हाताच्या दोन बोटांत दोन्ही टोकं धरायची, एक वळसा, आंगठ्यानं दाबायचं, वडायचं. झालं. आन् मग गाठीबाहेर उरलेलं शेंडं कापायचं. लगेच कापायचं, एकदम गाठीला लागून, न्हायतर मागाच्या फनीत अडकून धागा परत तुटतोय. कमरेला बारकी कातर कायम आसती माज्या.

तशीच गाठ मारली मी दोराला. चुलीच्या उजेडात. जाड दोर, बारीक दावं. वडून बगितलं, ह्यांनी बी वडून बगितलं. आन् मग मी कातर काढली नि शेंडं कापून टाकलं. गाठीला लागून. आक्का बगत हुती, ती हसून म्हनली, "आगं फनीतनं काय काडायचाय दोर?" मी बी हसले. हात गेला म्हनले. सवय.

कुना शेतकऱ्याच्या बायकोनं कापलं नसतं. कुना कोळ्याच्या बायकोनं तर न्हाईच. शेंडं लांब सोडत्यात, हिसकं बसलं तरी गाठ सरकायला जागा राहती. हे मला आता कळतंय. तवा साफ गाठ बगून मला वाटलं, काय बाई नामी झालीय.

सकाळी पान्यावर धूर हुता. हे लंगोट लावून हुबे, अंगाला तेल चोळत, दात वाजत हुते. आत्तीनं लुगडं पुढं केलं. हिरवं, तांबड्या काठाचं, त्येच्या सुताच्या कांड्या म्याच भरलत्या. लुगड्याच्या एका टोकात दगुड बांधला, खाली जावं म्हनून. हे मला म्हनले, "नीट धर. देवी देखनी हाय, मला ठेवून घेतली तर?"

आत्तीनं त्यांच्या पाठीत धपाटा घातला. "मेल्या, देवीसंगट चेष्टा करतोस व्हय!"

मग समदी वर गेली, पाठ केली, ढोल सुरू झाला. हे पवत बाभळीच्या शेंड्यापतोर गेले, माज्याकडं बगितलं, डोळे मिटले नि खाली गेले. दोर माज्या हातातनं सरकला. मग थांबला. एक हिसका आला, म्हंजे पोचलो. मी मनात आईचं नाव घेतलं. पोराला म्हनलं, बग बाबा गेला, आता येतोय. मग हिसकं आलं. वड म्हनून. मी वडलं. ते जड लागलं, वाटलं हुतं त्येच्यापेक्षा जड, जसं काय कुटंतरी अडकलंय. परत हिसकं आलं, जोरात, एकावर एक, मी वडते नि तिकडनं वडतंय, आन् मग ते झालं. हलका आला दोर.

मी बगितलं की त्येचं टोक. तुटलेलं न्हवतं. सरळ, गुळगुळीत, माज्या कातरीनं कापलेलं टोक.

आता हितं मला कुनी इचारलं तर मी काय सांगू. ताट मांडीजवळ. पळी त्येच्यात. वाजवलं आसतं तर ढोल थांबला आसता, समदी फिरली आसती, भावजी चांगलं पवनारे हायत, ते पळत आले आसते. पन ताट म्हंजे नेसवून झालं. देवी नेसलेली नसताना ताट वाजवायचं म्हंजे तिला उघडी आस्ताना लोकांस्नी दाखवायचं. माजा हात पळीकडं गेला. खरं सांगते, गेला. आन् मागं आला. नवरा बुडतोय नि मी सोवळंओवळं बगत बसले. डोक्यात कायतरी गच्च बसलेलं आसतंय ना, ते आसल्या येळंला पुढं येतं. परत एकदा बोंबलले, "आक्का!" आन् कुनी आलं न्हाय.

मग मी पोराला खाली ठेवलं.

एक सपाट दगूड हुता, त्येच्यावर बसवलं. त्येनं माजा पदर धरून ठेवला. मी त्येची मूठ उघडली. एक एक बोट सोडवलं. त्येला वाटलं मी खेळतीय, हसलं ते. आन् मी कासोटा खवला नि उडी मारली.

मला पवायला येतंय हे सासरी कुनाला म्हाईत न्हवतं. उचगावात आमच्या शेतातल्या विहिरीत बा नं शिकवलतं, पाठीला सुका भोपळा बांधून. पन विहिरीचं पानी उन्हाळ्यात गार लागतंय तेवढंच. हे पानी तसं न्हवतं. छातीवर कुनी पाटा ठेवल्यागत झालं. श्वासच आत जाईना. बाभळीपतोर कशी गेले, म्हाईत न्हाय. खोडाला धरून खाली गेले. काटं बोचलं हाताला, ते मागनं कळलं, रगत बगून.

डोळे मिटायचे आसत्यात. मी उघडे ठेवले. समदं हिरवं गढूळ, आन् त्येच्यात आमचं लुगडं पसरलेलं, हळूहळू हलतंय, तांबडा काठ वर येतोय खाली जातोय. देवीला एक येढा बसलता नि दुसरा येढा ह्यांच्या पायाला. दावं त्येच्यातच गुंतलेलं. हे एका हातानं दगूड धरून, दुसऱ्या हातानं पाय सोडवत हुते, आन् तो हात आता नीट चालत न्हवता. तोंडातनं बुडबुडं. मी लुगडं धरलं नि वडलं. सोडवत बसायला श्वास न्हवता माज्यात. देवीच्या डोक्यावरनं वडून काढलं. आमी वर आलो ते लुगड्यासकट.

वर आल्यावर ह्यांनी जो खोकला काढला तो आजून माज्या कानात हाय. ओठ निळे पडलेले. मी त्यांच्या दंडाला धरून काठाकडं वडत हुते, पानी माज्या नाकातोंडात, आन् मी दगडाकडं बगितलं.

दगडावर पोरगं न्हवतं.

ते उतरलं हुतं. माज्याच दिशेनं रांगत आलतं. पान्याच्या कडंला आक्का गुडघ्यावर बसलेली, आन् पोरगं तिच्या हातात उलटं, पाठीवर थापट्या मारत हुती त्येच्या. कुंची पान्यावर तरंगत हुती. ढोल आजून चालूच.

मग पोरगं रडलं. ते रडनं ऐकून मला वाटलं मी आता परत पान्यात गेले तरी चालंल.

आक्का वळली हुती. सगळ्यांत ती एकटी वळली. मागनं आत्तीनं तिला इचारलं, "ताट वाजलं नसताना वळलीस कशी गं?"

"पोर रडल्यागत वाटलं."

"ढोलात?"

"व्हय आत्ती. ढोलात."

पोरगं तवा रडलंच न्हवतं, आक्कानं उचलल्यावर रडलं. तिनं काय ऐकलं देव जाने. पन ती वळली, आन् मी आई आसून त्येच्याकडं पाठ करून पान्यात हुते.

चुलीपाशी समद्यांस्नी गुंडाळून बसवलं. आत्तीनं चहात मिरी घातली. भावजींनी दोराचं टोक उजेडात धरून बगितलं. "तुटला न्हाय. सुटलाय."

आत्ती लगेच म्हनली, "तिनंच सोडला. तिच्या मनात नसनार औंदा लुगडं घ्यायचं."

मी म्हनलं, "आत्ती, गाठ माजी हुती. शेंडं कापलं मी. म्हनून सुटली."

"गप बस."

"खरं आत्ती, आक्कानं बगितलंय, इचारा तिला."

"गप म्हनलं ना! दिवसभर गाठी मारतीस मागावर, एक सुटती का? देवीनं सोडवली. आन् तू तिचं नेसलेलं फेडलंस, आता आनी काय बोलू नको तिच्यासमोर."

आक्कानं मान खाली घातली. भावजींनी दोर गुंडाळून पिशवीत टाकला. समद्यांस्नी देवीवर ढकललेलं बरं वाटत हुतं. मलाच तेवढं वाटलं न्हाय. कुनी मला एक थोबाडीत मारली आसती, तर माजं बरं झालं आसतं.

आमचे हे घोंगड्यातनं हसत म्हनले, "ठेवूनच घेत हुती बग आई मला. पन माज्या बायकोला सवत चालली न्हाय. झिंज्या धरून भांडली."

भावजी हसले. आत्ती पन हसली, तोंडावर पदर धरून, आन् मग रडायला लागली.

घरी येईपतोर पोराचं अंग तापलं. छाती भरली. बेळगावच्या दवाखान्यात ठेवलं. डाक्टर इचारतोय, "पान्यात कसं गेलं हे?" आत्ती म्हनली, "न्हानीत घसरलं." मी बाजूला हुबी. त्येच्या बरगड्या आत बाहेर व्हत हुत्या, आन् मला त्येची बोटं आठवत हुती, एक एक सोडवलेली. कमळाच्या पाकळ्या उघडाव्यात इतक्या हळू उघडलत्या मी, त्येला दुखू नये म्हनून. आसलं कसलं प्रेम?

वाचलं पोरगं. आता दुडूदुडू पळतंय, ढोल दिसला की बडवतंय. ह्यांच्या एका कानाला कमी ऐकू येतंय, ते म्हनतात बरं झालं, बायको बोलती त्या बाजूचा कान गेला. समदे ही गोष्ट सांगत्यात पाव्हन्यांस्नी, मी कशी उडी मारली, कशी देवीच्या हातनं नवरा काढून आनला. पाव्हन्या बायका माज्याकडं बगून डोळ्यात पानी आनत्यात. सावित्रीच गं म्हनत्यात. मी चहा ठेवायला उठते.

कारन मला एक म्हाईत हाय, आन् ते मी कुनाला सांगितलं न्हाय. दोराचं कापलेलं टोक बगितल्यावर माज्या डोक्यात पयलं नवरा आला न्हाय. पोर आलं न्हाय. माजी गाठ, एवढंच आलं. आता समद्यांस्नी कळनार. त्या भीतीनं मी उडी मारली. गाठ भावजींची आसती, तर मी पोराला काखेत घट्ट धरून काठावरच बोंबलत बसले आसते की काय? मला म्हाईत न्हाय. रोज कांड्या भरताना हेच इचारते सोताला, आन् धागा तुटतोय.

परवा पोरगं उंबऱ्यात पडलं. कपाळ फुटलं, रगत आलं. मी जवळच हुते, दोन्ही हात पुढं करून धावले. ते माज्याकडं बगून थांबलं. आन् मग माज्या बाजूनं सरळ पळत गेलं, आक्काच्या पायाला जाऊन मिठी मारली. आक्का माज्याकडं बगायला तयार न्हवती. म्हनली, "जा रं, आईकडं जा की." ते हललं न्हाय. मी म्हनलं, "आसू दे आक्का. तुमीच बगा त्येला." आन् कापूस नि हळद आनून तिच्या हातात दिली.

आट म्हयन्याच्या पोराला काय आठवतंय, म्हनतील सगळे. मी बी म्हनते तसंच. पन आक्कानं त्येचं एक बोट कदी सोडवलं न्हाय.

तुमी वाचताय, तुमची बी लेकरं आसतील. त्या काठावर तुमी आसता, दोर हातात हलका आलेला, एक पान्याखाली नि एक काखेत, आन् समदी पाठ करून हुबी, तर तुमी काय केलं आसतं? सांगा की. ती मूठ तुमी उघडली आसती का?